आईचा केस, बापाचा केस

पंजाबराव सकाळी हातात दावं घेऊन वच्छलाबाईच्या अंगणात शिरला, तेव्हा मी भिंतीपलीकडे तोंड धूत होतो. आमच्या दोन घरांत छातीएवढी एकच भिंत आहे. तिकडचं ऐकायचं नाही असं ठरवलं तरी कान काही काढून ठेवता येत नाहीत.

"वच्छला, थे काळं पिल्लू आन इकडे," तो म्हणाला. "माह्यं हाये थे."

वच्छलाबाईच्या हातात लेंड्यांची पाटी होती. तिनं ती खालीसुद्धा ठेवली नाही.

"तुमचं कसं काय झालं, पंजाबभाऊ? जनली माही बकरी. रात्रभर उशापाशी म्या बसली. वार म्या पुरली. अन् आठ दिवसानं तुमी दावं घेऊन आले?"

"बकरी तुही, पन बोकड माहा. तुही चांदणी तांबडी. तुह्या घरचा बोकड तांबडा. दोन तांबड्याच्या पोटी काळं कुठून आलं? आभाळातून पडलं काय? साऱ्या गावात काळा बोकड एकच हाये, अन् थो माह्या दारी बांधला हाये."

"चांदणीले दोन पिल्लं झाली. एक तांबडं, एक काळं. एकाच पोटातलं तांबडं माह्यं अन् काळं तुमचं, असं कसं?"

"गेली असन दोघांपाशी. जनावरच थे." पंजाबराव हसला. मग जरा थांबून, भिंतीकडे बघत, म्हणजे मला ऐकू जाईल असं म्हणाला, "जनावराचं काय घेऊन बसली, मानसाच्याही घरी होते असं. तुले काय सांगाव."

वच्छलाबाईनं पाटी ठेवली. मी तोंडातलं पाणी थुंकायचं विसरलो.

"थे दावं घेऊन घरी जा," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. "पिल्लाले हात लावसान त पाहा मंग. बैठक बोलवा. चार लोकाईत बोला जे बोलाचं थे. म्या येतो तिथं."

आता हे काळ्या पिल्लाचं प्रकरण काय, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून बारा किलोमीटर आत. घरटी दोन-चार बकऱ्या सगळ्यांकडेच आहेत. आपल्या वऱ्हाडातल्याच, उंच पायांच्या, तोंडावर शिंगापासून नाकपुडीपर्यंत पट्टा असलेल्या. बहुतेक तांबड्या. काळी कमीच. पण देवीच्या नवसाला लोकांना बोकड हवा तो काळा, अंगावर दुसऱ्या रंगाचा एक केस नसलेला, आणि त्यासाठी ते मागेल तो भाव देतात. म्हणून पंजाबरावनं काळा बोकड पाळला. लोक त्याच्याकडे बकऱ्या लावायला नेत आणि त्याचे पैसे मोजत. काही जण पैसे वाचवायला नाल्यावर चरताना चोरून लावून घेत. तेव्हा पंजाबरावनं दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीसमोर बैठक बोलावून नियम करून घेतला: न विचारता बकरी लावली तर पिल्लू बोकडवाल्याचं. त्या नियमानं त्यानं दोन घरची काळी पिल्लं ओढून नेली. त्यातलं एक माझं होतं. माझी बकरी त्याच्या बोकडाजवळ कधी फिरकलीसुद्धा नव्हती, पण रंग काळा, आणि रंगापुढे मला काही बोलता आलं नाही. मी पिल्लू देऊन मोकळा झालो. बायको तेव्हापासून मला जे बोलते ते इथं लिहीत नाही.

आणि ते "मानसाच्याही घरी" काय होतं?

वच्छलाबाई गोरी. तिचा नवरा देवमन तिच्याहून गोरा. वीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली, आकांक्षा, ती चांगली काळीसावळी. झालं. गावाला एवढंच पुरलं. बारशाला आलेल्या बायका पाळण्यात वाकून बघत आणि एकमेकींकडे बघत. सासूनं नातीला सहा महिने मांडीवर घेतलं नाही. देवमन स्वभावानं गरीब माणूस. त्यानं बायकोला एक शब्द विचारला नाही, पण गावालाही एक शब्द सुनावला नाही. खाली मान घालून वावरला. न विचारणं हेसुद्धा विचारणंच असतं, हे त्याला कोण सांगणार? वच्छलाबाईनं ते वर्ष कसं काढलं, ते भिंतीच्या या बाजूनं मी पाहिलं आहे. भिंतीच्या या बाजूनंच पाहिलं, हे माझंही पाप.

त्याच वर्षी तिनं बकऱ्या वाढवल्या आणि दोऱ्या वळायला सुरुवात केली.

दर पिल्लामागे अंबाडीची एक वीतभर दोरी. दोरीच्या वरच्या टोकाला डावीकडे आईचा केस गुंतवायचा, उजवीकडे बापाचा. खाली गाठीत पिल्लाचा. बकरी माजावर आली की ती स्वतः बोकडाबरोबर कोठ्यात कोंडायची, म्हणून बाप कोण याचा संशयच नको. लिहिता-वाचता तिला फारसं येत नाही. दोऱ्या खुंटीला टांगलेल्या असत. आम्हाला वाटायचं, बाईला काही तरी नाद आहे. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "पाहून रायली व, काय काय लपून राहते थे."

तर, बैठक.

दुपारी चार वाजता ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली माणसं जमली. चैत्रातलं ऊन, जमिनीच्या भेगांतून वाफ यावी असं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, शेतात काम नाही, त्यामुळे गर्दीला तोटा नव्हता. सरपंच रागिणीताई खुर्चीवर. बकऱ्यांचे व्यापारी गफ्फारभाई बाजारासाठी माल बघायला आले होते, त्यांना जाणकार म्हणून बसवून घेतलं. एका बाजूला बायका. त्यांत पंजाबरावची बायको कौशल्याकाकूही होती. देवमन अगदी मागे, निंबाच्या मुळीवर, मान खाली घालून.

पंजाबरावनं सुरुवात केली. नियम सांगितला, आपणच केलेला. मग म्हणाला, "साधी गोष्ट हाये. जवारी पेरली त जवारी येते. तांबड्याले तांबडं, काळ्याले काळं. पिल्लू काळं, म्हनजे बाप काळा. काळा बोकड माहा. अजून काय पाह्यजे?"

माणसांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली असती, पण माझी बायको समोरून बघत होती.

वच्छलाबाई उठली. कडोसरीला खोचलेला दोऱ्यांचा जुडगा तिनं काढला, पारावर पदरानं धूळ झटकली आणि म्हणाली, "त्रेसष्ट दोऱ्या हायेत. वीस वर्षाच्या. वरती मायचा केस, बापाचा केस. खाली पिल्लाचा. सरपंचताई, तुमीच वेगळ्या करा. जिथं माय-बाप दोघंही तांबडे, थ्या एकीकडे. एक तांबडा एक काळा, थ्या मधात. दोघंही काळे, थ्या इकडे."

"याच्यात काळे बोकड कोनाचे?" पंजाबरावनं विचारलं.

"आधी माह्या घरी काळा बोकड होता, थो मेला. मंग तुमचाच. पैसे मोजून लावल्या बकऱ्या. तुमच्या बोकडाचा केस ओळखू येत नाई का?"

हशा झाला. रागिणीताईंनी दोऱ्या वेगळ्या करायला घेतल्या. गफ्फारभाई चष्मा लावून जवळ सरकले. मग एकेक करून सगळेच सरकले. आमच्या गावात एवढी माणसं एवढी गप्प बसून एखादी गोष्ट मोजताना मी कधी पाहिली नव्हती.

पहिल्या ढिगात तीस दोऱ्या निघाल्या. आई तांबडी, बाप तांबडा. त्यांतली चोवीस पिल्लं तांबडी. सहा काळी.

"सहा?" रागिणीताईंनी परत मोजलं. सहाच होत्या.

"काहून होतात थे सांगतो," वच्छलाबाई म्हणाली. "दर पिल्लाले एक वाटा मायचा भेटते अन् एक वाटा बापाचा. दोनातला एक वाटा जरी तांबडा असला, तरी अंग तांबडंच दिसते. काळा वाटा त्याच्याखाली दबून राहते, मरत नाई. पन मायनंही दबलेला काळा वाटा देला अन् बापानंही थोच देला, त झाकाले तांबडं उरलंच नाई. पिल्लू काळं होते. चांदणीची माय काळी होती. माह्या बोकडाची माय काळी होती. साऱ्या गावानं पाह्यल्या थ्या बकऱ्या."

मधल्या ढिगात एकोणीस. दहा तांबडी, नऊ काळी.

तिसऱ्या ढिगात, आई काळी आणि बापही काळा अशा, चौदा. चौदाच्या चौदा काळी.

"इथं एकही तांबडं नाई," रागिणीताई म्हणाल्या.

"होऊच शकत नाई. काळं दिसते म्हनजे दोन्ही वाटे काळेच. तांबडं असतं त दिसलंच असतं. जे नाई, थे देईन कुठून?"

आता सगळ्यांना आपापल्या बकऱ्या आठवायला लागल्या. हा म्हणे माझ्या घरी असं झालतं, तो म्हणे तसं झालतं. मला वाटलं आपणही काही तरी बोलावं. मी म्हणालो, "पन आमच्या काळीले एकदा तांबडं पिल्लू झालतं, अन् बोकड काळा होता."

बायकांतून माझ्याच बायकोचा आवाज आला. "थे काळी तुमी परतवाड्याच्या बाजारातून गाभण आनली होती. बोकड तुमी पाह्यला होता काय?"

मी खाली बसलो. दुसरं कुणी मग उठलं नाही.

गफ्फारभाईंनी चष्मा काढला. "तीस साल झाले मले बाजार करता," ते म्हणाले. "दोन तांबड्यांचं काळं, बहोत पाह्यलं. वरातीत पाहुना यावा तसं येते, कोनी बोलावलं मालूम नाई. मगर दोन काळ्यांचं तांबडं? गरीब मानूस हाव, खोटं कायले बोलू. नाई पाह्यलं. पन काहून नाई, थे कदी सोचलं नाई. बाई, तुमी सोचलं."

तिथं पंजाबराव थांबला असता तर प्रकरण अर्ध्यावर मिटलं असतं. लोक म्हणाले असते, जाऊ द्या, दोघांचंही बरोबर असेल. पण त्याच्यासमोर, त्याच्याच बैठकीत, एका बाईनं दोऱ्यांचा ढीग मांडून त्याला गप्प करावं? तो उभा राहिला. कानशिलं लाल झालेली.

"समदं खोटं! तांबड्यात काळं लपते, त काळ्यातही तांबडं लपते. मले पुरावा पाह्यजे म्हनता ना? माह्याच घरी हाये. पाडव्याले माही गंगा जनली. गंगा काळी. बोकड माहा काळा. अन् पिल्लू झालं तांबडं! पंधरा दिवसाचं हाये, दुसऱ्या कोठ्यात बांधलं हाये. चला, दाखोतो. कुठी गेल्या आता तुह्या दोऱ्या?"

हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होऊ दिलंच नव्हतं त्यानं. काळ्या बोकडाच्या घरी तांबडं झालं हे कळलं असतं, तर बोकडाचं नाव गेलं असतं. पंधरा दिवस लपवून ठेवलेलं पिल्लू त्यानं आपल्याच तोंडानं चव्हाट्यावर आणून बांधलं.

वच्छलाबाईलाही हे नवीन होतं. ती तिसऱ्या ढिगाकडे बघत राहिली. वीस वर्षांचं काम त्या चौदा दोऱ्यांत होतं, आणि ते खरं की खोटं हे आता या एका पिल्लावर आलं होतं. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. वाटलं, आता ही बसते खाली.

ती बसली नाही. तिनं त्या चौदा दोऱ्या उचलल्या आणि पंजाबरावच्या हातात ठेवल्या.

"याच्यात एक तांबडा केस दाखवा. दाखवला त काळं पिल्लू म्या सोता तुमच्या दारी बांधून देईन, अन् समद्या दोऱ्या चुलीत टाकीन. नाई दाखवला त मंग म्या सांगतो थे ऐका. तुमच्या गंगाच्या पिल्लाचा बाप काळा नाई. तांबडा हाये. तुमच्या घरचा नाई थो."

"तोंड सांभाळ!"

"बकरीचंच बोलून रायली, पंजाबभाऊ. तुमाले कावून लागलं?"

"माही बकरी माह्या दारातून हालत नाई. माह्या बोकडाशिवाय..."

"तुमचा बोकड उभा तरी राहत होता काय तवा?"

हे वच्छलाबाई बोलली नव्हती. बायकांतून कौशल्याकाकू उठली होती.

कौशल्याकाकूला चारचौघांत नवऱ्यासमोर बोलताना आमच्यापैकी कुणीही ऐकलेलं नव्हतं. पंजाबराव तिच्याकडे असा बघत राहिला, जशी काही खुर्चीच बोलली.

"तू बस खाली," तो म्हणाला.

"कावून बसू? तुमी दिवाळीत अमरावतीले होते पोराच्या, गजेंद्रच्या घरी. डोळ्याचं ऑपरेशन करून सव्वा महिना पडून होते तिथं. इथं तुमच्या बोकडाच्या खुरात पू झाला. त्याले उठता येत नव्हतं. म्या बसल्या जागी पाला चारला, पानी पाजलं. त्याच्यातच गंगा माजावर आली. दोन दिवस आरडून आरडून तिनं जीव खाल्ला माहा. म्या तिले नेली वच्छलाच्या बोकडापाशी." मग ती वच्छलाबाईकडे वळली. "तू कापूस येचाले गेलती. तुले इचारलं नाई. चुकलं माह्यं."

"मले सांगतलं काहून नाई?" पंजाबरावचा आवाज खरखरीत झाला होता.

"तुमी इचारलं कुठी? पिल्लू तांबडं पाह्यलं अन् मलेच शिव्या देत बसले, की बकरीले नजर लागली तुह्यापायी. देऊ देल्या म्या." ती बसायला लागली आणि पुन्हा उभी राहिली. "अन् चांदणी गंगापेक्षा आठ दिवसानं जनली. म्हनजे पाच महिन्याआधी चांदणी गाभण रायली, तवाही बोकड बसूनच होता. बसलेला बोकड भिंतीवरून उडी मारून चांदणीपाशी गेला कसा, थे तुमीच सांगा लोकाईले."

जे हसू फुटलं ते थांबता थांबेना. गफ्फारभाई डोळे पुसत होते. पंजाबरावच्या हातात अजून त्या चौदा दोऱ्या होत्या, आणि त्या कुठं ठेवाव्यात हे त्याला समजत नव्हतं.

रागिणीताईंनी पारावर हात आपटला. "नियम पंजाबकाकाचाच हाये. न इचारता बकरी लावली, त पिल्लू बोकडवाल्याचं. काळं पिल्लू वच्छलाकाकूचं. अन् गंगाचं तांबडंही वच्छलाकाकूचंच. काका, बोला, नियम ठेवाचा की मोडाचा? मोडाचा असन त आधी दोन घरची पिल्लं वापस करा."

त्या दोन घरांत माझं घर होतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी उठून म्हणालो, "हो, वापस करा." फार उशिरा, फार हळू, पण म्हणालो.

"घेऊन जा तांबडं," पंजाबराव म्हणाला. "मले गरज नाई त्याची."

तो निघाला तर वच्छलाबाई वाटेत उभी होती.

"सकाळी माह्या अंगणात जे बोलले, थे इथं बोला."

पंजाबराव तिला वळसा घालायला लागला.

"नाई बोलत त ऐका. तुमीच नाई, समद्याईनं ऐका. वीस वर्ष ऐकून घेतलं म्या. माह्या पोरीचा बाप कोन, थे सांगाले मले दोरी लागत नाई. म्या होती ना तिथं! मानूस काही बकरी नाई, त्याचा हिशोब इतका सोपा नसन. थे म्या मांडला नाई, मांडनारही नाई. या दोऱ्या म्या तुमच्यासाठी वळल्या. डोळ्यानं रंग पाहून ज्याईले बाप समजते ना, त्याईच्यासाठी."

बायकांत त्या पाळण्यात वाकून बघणाऱ्याही होत्या. आता म्हाताऱ्या झालेल्या.

मागे निंबाच्या मुळीवरून देवमन उठला. गर्दीतून वाट काढत पुढे आला. मला वाटलं, बायकोला घरी चल म्हणतो की काय. तो पंजाबरावसमोर उभा राहिला, मान वर करून, आणि त्याच्या हातातल्या चौदा दोऱ्या त्यानं काढून घेतल्या.

"आकांक्षा माह्या मायच्या मायवर गेली हाये," तो म्हणाला. "माही माय गोरी होती. तिची माय काळी होती. मले माहीत होतं. म्या बोललो नाई." मग बायकोकडे वळून, सगळ्यांसमोर, "वीस वर्ष बोललो नाई म्या, वच्छला."

वच्छलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पारावरच्या बाकीच्या दोऱ्या गोळा करायला लागली. "द्या इकडे," एवढंच म्हणाली. माफ केलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. ते भिंतीवरून दिसत नाही.

ऊन कललं तसे आम्ही दहा-पंधरा जण तिच्या मागोमाग पंजाबरावच्या अंगणात गेलो. कौशल्याकाकूनंच कोठ्याचं दार उघडलं. पिल्लू खरंच देखणं होतं. तांबडं, चकचकीत, तोंडावर दोन्ही बाजूंना पट्टा, थेट वच्छलाबाईच्या बोकडाचा. ते गंगाच्या कासेला ढुसण्या देत होतं.

"नेते का आता?" काकूनं विचारलं.

"पंधरा दिवसाचं लेकरू मायपासून तोडू काय? दूध सुटेपर्यंत इथंच राहू द्या."

तिनं गंगाचा केस कापला. घरून आणलेला आपल्या बोकडाचा केस पदराच्या गाठीतून काढला. पिल्लाचा चिमूटभर केस घेतला. अंगणाच्या मधोमध बसून तिनं चौसष्टावी दोरी वळली, सगळ्यांच्या देखत, घाई न करता. डावीकडे काळा, उजवीकडे तांबडा, खाली तांबडा. ही मात्र तिनं लांब वळली आणि जुडग्यात घातली नाही. पिल्लाच्या गळ्यात बांधली.

पंजाबराव ओसरीवर खांबाला टेकून बघत होता. त्याला राहवलं नाही. "उद्या सकाळी काढून फेकीन थे दोरी."

वच्छलाबाई हात झटकत उठली.

"फेका," ती म्हणाली. "रंग कसा काढसान?"